अड्यारमधला सोन्याचा चष्मा

सांगलीहून जपून नेलेली साडीची इस्त्री चेन्नईच्या स्टेशनावर दहा मिनिटांत घामानं मोडली. वेलचेरीला राहणारा भाचा म्हणाला, “मावशी, आधी समुद्र बघ.” मी म्हटलं, तीस वर्षं चित्रकला शिकवलेली बाई मी, मला लुसियाँ बघायचाय.

हा लुसियाँ फ्रेंच चित्रकार. पॅरिसच्या वर्तमानपत्रात त्यानं उभा जन्म मंत्र्यांची व्यंगचित्रं काढली. साठीत नोकरी सुटली, तसा इथे येऊन तंजावरी चित्रं, म्हणजे सोन्याचा वर्ख लावलेली देवांची चित्रं, शिकू लागला. शिकवतं कोण, तर सेतुमाधवराव, तंजावरकडचे मराठी. हे कळल्यावर मी कसली घरी बसते?

शेअर ऑटोनं अड्यारला, त्यांच्या घरी निघाले. भाषा येत नसताना हुशारी केली, दोन थांबे पुढे गेले आणि भर उन्हात चालत मागे आले. माडीवरच्या खोलीत डिंकाचा आणि खडूच्या भुकटीचा वास होता. ऐंशीच्या घरातले सेतुमाधवराव म्हणाले, “सांगलीहून आलां? बसा की. अगोदर मोर (ताक) घ्या.” मराठी जुनी, हेल तमिळ. मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

लुसियाँ मात्र कोपऱ्यात नखं खात होता. दुसऱ्या दिवशी एका प्रदर्शनात त्याचं चित्र लागायचं होतं. या घराची रीत अशी, की डोळे सर्वांत शेवटी काढायचे, आणि शिष्याच्या पहिल्या चित्राचे डोळे गुरूनंच. गुरूनं कुंचला लावला नाही, तर चित्र आंधळं राहणार आणि भिंतीवर लागणार नाही. या पठ्ठ्यानं पहिलंच चित्र काढलं होतं गुरूचं, तेही व्यंगचित्र. भोपळ्याएवढं नाक, सुपाएवढे कान, हातात कुंचला आणि चष्म्याला चक्क सोन्याचा वर्ख.

सेतुमाधवरावांनी चित्र खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

“नको तर पुसतों, गुरुजी,” लुसियाँ म्हणाला. फ्रेंच माणसाच्या तोंडी तंजावरची मराठी ऐकून मी ताक विसरले.

“नाक असूं दे. आमच्या आप्पांचं (वडिलांचं) असंच होतं,” सेतुमाधवराव म्हणाले. “पण सोनं काढ. सोनं सामीला (देवाला) लावायचं. मला कशाला?”

लुसियाँनं वर्ख खरवडला.

“आतां नवा वर्ख घे. चित्रांत माझ्या हातीं कुंचला आहे ना, त्याला लाव. तो सामीचाच.”

ते झाल्यावर म्हाताऱ्यानं खरा कुंचला उचलला आणि आपल्याच वेड्यावाकड्या तोंडाला दोन डोळे दिले, देवाला देतात तसे निगुतीनं. लुसियाँ पाया पडला. मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही.

परतीच्या गाडीत मला आमच्या शाळेतली एक मुलगी आठवत राहिली. तिनं फळ्यावर माझं असंच चित्र काढलं होतं. मी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं आणि चित्र स्वतः पुसलं. चांगलं जमलं होतं ते, आज कबूल करते.

समोरच्या बाईंनी विचारलं, “चेन्नईत काय पाहिलंत?”

“आमच्या गुरुजींना,” मी ताठ बसून म्हटलं. त्यांच्या हाताखाली मी एक रेघही ओढलेली नाही.