ताईनं शिवलेला बुशशर्ट

'सुमन सीरियस, ताबडतोब या' ही तार जामखेडला माझ्या हातात पडली, तेव्हा ताई जाऊन चार तास झाले होते. एसटीनं नगरला पोचले, तर दाजी ओट्यावर चहा पीत बसलेले. तळहाताला पट्टी, बाकी अंगावर ओरखडा नाही. मिरजगावहून आलेल्या त्यांच्या आत्या मला जवळ घेऊन म्हणाल्या, "पोरगा वाचला बघ. लई नशिबाचा हाय." तो कशानं वाचला, ते मला माहीत होतं.

दाजी औषध कंपनीचे विक्रेते. भर उन्हात नगरच्या दवाखान्यांतून मोटारसायकलवर फिरायचे, अंगात पातळ टेरिलिनचा शर्ट. तीन वर्षांमागं त्यांच्या सोबतचा एक विक्रेता गाडीवरून घसरला आणि कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला. ताई त्याला बघून आली ती थेट मशीनवरच बसली. लष्कराच्या जुन्या तंबूचं कापड तिनं मिळवलं, धुऊन धुऊन मऊ केलं आणि बुशशर्टच्या खांद्यांना, कोपरांना आतून दुहेरी लावलं. वरून फिकट सुती कापड, काखेत वाऱ्यासाठी फटी. पँटच्या गुडघ्यांनाही तसंच.

"डॉक्टरांपुढं गोधडी पांघरून जाऊ का?" दाजी म्हणाले.

"घालून तर बघा. कुणाला ओळखू आलं तर उसवून टाकते."

कुणालाच ओळखू आलं नाही. दाजींना उकडलं, की ती पुन्हा उसवायची, पुन्हा शिवायची... एका मे महिन्यात मी तिच्याकडं होते, तेवढ्यात चारदा.

"तुलाही शिव की. मागं बसतेस तू," मी म्हटलं होतं. तिनं लांब बाह्यांचं पोलकं बेतलंही, कोपरांना तेच जाड कापड. दाजींनी ते पाहिलं. "उन्हाळ्यात लांब बाह्या? लोक विचारतील, बाई आजारी आहे का." ताईनं त्या कापडाची भाजीची पिशवी केली.

ती गेली ते एका लग्नाला निघताना. उशीर झाला होता, स्टेशन रोडला दुरुस्तीची खडी पसरलेली. कडेचा फळवाला मला सांगत होता, बाई दोनदा म्हणाल्या, हळू घ्या... गाडी घसरली, दोघं एकाच बाजूला पडले. दाजी तिनं शिवलेले कपडे झटकत उठले. ताईच्या डोक्याला मार होता. पोलक्यानं ती वाचली नसती, एवढं मला कळतं. पण तिला शेवटची आंघोळ घालताना तिची कोपरं मी पाहिली आहेत. हाड दिसत होतं.

मागच्या महिन्यात दाजी जामखेडला आले. मला वाटलं, तिच्याबद्दल काही बोलतील. त्यांनी पिशवीतून बुशशर्ट काढला. "कोपराला फाटलाय. तुला जमेल का?"

"नगरला शिंपी नाहीत?"

"त्यांना आतलं जमत नाही. सुमनलाच जमायचं."

एवढी वर्षं तिला ऐकायचं होतं ते वाक्य... ते माझ्यापुढं बोलले, आणि तेही शर्टासाठी.

मी ठेवून घेतला. वरचं कापड फाटलंय, आतलं नुसतं घासलंय. दोनदा निरोप आला, दोनदा मी कळवलं, अजून झाला नाही. तो माझ्या मशीनवर उलटा पडून आहे. वरून साधा दिसतो. आतून तिचा हात दिसतो, दाट, एकसारखे टाके. मी तो शिवणार नाही, आणि परतही देणार नाही.