तीन ओळींची साक्ष

समोर सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत, पाठ वळली की फौजदारबाई. पोलिसात सव्वीस वर्षं तपासकाम करून बाई निवृत्त झाल्या आणि महिनाभरातच नवऱ्याने हात टेकले. "घरात रोज माझी उलटतपासणी चालते. कुठेतरी शिकवायला तरी जा." बाई कॉलेजात गेल्या, आणि फौजदारी न्यायाच्या वर्गात अशा रमल्या की सात वर्षं कशी सरली ते कळलं नाही.

साक्षीचा धडा त्या पुस्तकातून शिकवत नसत. एखाद्या बेसावध सकाळी एक माणूस वर्गात घुसे, टेबलावरची पर्स उचले आणि पसार होई. गलका थांबला की बाई शांतपणे कोरे कागद वाटत. "जेवढं पाहिलंत तेवढंच लिहा." हा चोर म्हणजे त्यांचा नवरा. टपालखात्यात उभा जन्म घालवलेला सरळमार्गी माणूस. पहिल्या वर्षी कुरकुरला होता. आता आठवडाभर आधीपासून जिन्यावर पळायचा सराव करी.

यंदा तीस कागद आले. चोर कुणाला ताडमाड दिसला होता, कुणाला बुटका. पाच जणांनी त्याच्या हातात चाकू पाहिला होता. खरं तर ते चष्म्याचं घर होतं. शेवटच्या बाकावरची विद्यार्थिनी चाळिशीची, एका इमारतीच्या फाटकावर रखवाली करून शिकणारी. तिच्या कागदावर तीनच ओळी होत्या: 'मी पडलेलं पेन उचलायला वाकले होते. पावलांचा आवाज आला. माणूस पाहिला नाही.'

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला वीसपैकी वीस दिले.

पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा उठला. "मॅडम, मी तीन पानं लिहून नऊ, आणि ज्यांनी काही पाहिलंच नाही त्यांना पैकीच्या पैकी?"

रखवालदारीणही उभी राहिली. "चुकून पडले असतील तर कापा, मॅडम. फुकटचे नकोत मला."

बाई खुर्चीत बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत.

"नोकरीला आठ वर्षं झाली होती," त्या म्हणाल्या. "एका दुकानात घरफोडी झाली. समोरचा शिंपी म्हणाला, माणूस पळताना दिसला, तोंड दिसलं नाही. मला ते पटेना. दोन दिवस त्याला ठाण्यात बसवून तेच तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी त्याला तोंड आठवलं. माझ्या मनात होतं तेच. एक रंगारी चार महिने तुरुंगात बसला. मग खरा चोर दुसऱ्या गावात सापडला."

"तुम्ही माफी मागितली?" कुणीतरी हळूच विचारलं.

"गेले होते. तो शिडीवर होता, उतरला नाही. वरूनच म्हणाला, भिंत ओली आहे, हात लावू नका."

मग हुशार मुलगा म्हणाला, "मॅडम, मग मी लिहिलेला तो चाकू?"

"तो तू घरून आणलास."

हशा पिकला. तोही हसला, पण कान लाल झाले होते. "खोडू का?"

"खोड. कोर्टात खोडता येत नाही, इथे येतं."

तास संपल्यावर रखवालदारीण जिन्यात थांबली होती. "फाटकावर काही झालं आणि मी 'दिसलं नाही' म्हटलं, तर लोक म्हणतील झोपली होती. म्हणून मी काहीतरी सांगून टाकायचे."

"आणि आता?"

"आता दिसलं नाही तर नाहीच म्हणेन. म्हणोत झोपली होती."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी बोलत बोलत खाली उतरल्या.

घरी नवरा चहा टाकून वाटच पाहत होता. गुण वाटून होईपर्यंत त्याला कागद दाखवायचे नाहीत, असा बाईंचा नियम होता. त्याने गठ्ठा पुढे ओढला, एकेक वाचत गेला आणि एका ठिकाणी थबकला. "पंचविशीचा, सडपातळ, खेळाडूसारखा चपळ. ही साक्ष खोटी का गं?"

"साफ खोटी."

"असू दे," तो म्हणाला आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "ही माझ्याकडे राहील."

बाई पोटभर हसल्या आणि गार व्हायच्या आत चहा प्यायल्या.