भाजायच्या मशीनचा अर्ज

शेवंता गजभियेचं अक्षर असं मोत्यासारखं, की बूढापारा वस्तीत कोणाला रेशनकार्डाचा अर्ज लिहायचा असला तरी पाय तिच्याच दाराकडे वळायचे. बाप रेल्वेत होता, भंडाऱ्याकडून रायपूरला आलेला. घरी मराठी, शाळेत हिंदी, पोरगी दोन्हीत तरबेज झाली. त्याच अक्षराने तिचा घात केला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

अंगणवाडीतल्या लेकरांचा पोषण आहार तयार करायचं काम सरकारने बायकांच्या समूहांना दिलं, तेव्हा शेवंताने गल्लीतल्या दहा बायका गोळा केल्या. समूहाचं नाव ठेवलं सुजाता. उपाशी सिद्धार्थाला खीर देणारीचं नाव, याहून चांगलं कोणतं असणार? गहू, चणे, सोयाबीन मोठ्या कढईत भाजायचं, दळायचं, साखर मिसळून पाकिटं भरायची. मीराबाई तर यायलाच तयार नव्हती. सदर बाजारातल्या एका सोनाराकडे ती अकरा वर्षं धुणीभांडी करत होती. शेवंता तिच्या मागेच लागली. सरकारी काम आहे, हे कुठं जात नाही, असं छातीठोक सांगितलं. त्या एका शब्दावर मीराबाईने सोनाराचं घर सोडलं.

आठ वर्षं चाललं. पण भाजणं म्हणजे जीव काढणारं काम! मे महिन्यातलं रायपूरचं ऊन आणि समोर भट्टी. हाताला फोड यायचे, मीराबाईचं मनगट तर कायमचं सुजलं. मग सगळ्यांच्या सांगण्यावरून शेवंताने विभागाला अर्ज लिहिला. हाताने भाजताना महिलांना फार कष्ट होतात, असं आधी लिहिलं. खाली विनंती, की समूहाला भाजायची मशीन द्यावी. साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं, चहा पाजला. शेवंता त्या दिवशी हवेतच घरी आली.

दोन वर्षं कोणी विचारलं नाही. मग एकदम बोलावणं आलं. मशीन आली होती खरी, पण शहराबाहेरच्या एका कारखान्यात. नवीन धोरणाप्रमाणे सगळ्या जिल्ह्याचा आहार आता तिथंच भाजणार, तिथंच पाकिटात भरणार. समूहांचं काम महिनाअखेर बंद. शेवंता भांडायलाच उठली. नव्या साहेबाने शांतपणे फाईल तिच्यापुढे सरकवली. आत तिचाच अर्ज. कष्टांच्या ओळीखाली लाल रेघ मारलेली.

"आप ही ने तो लिखा था, दीदी. अब कष्ट नहीं होगा."

तिने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. ते तरतुदीत बसत नाही, साहेब म्हणाला. मेल्यांनो, मशीन मागितली होती, फारकत नाही! असं मनातच म्हणत तिने फाईल परत सरकवली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आपलं माणूस समजून दुखणं सांगावं, आणि त्याने तेच दुखणं दाखवून आपल्याला घराबाहेर काढावं.

संध्याकाळी बायका जमल्या. शेवंताने काहीही लपवलं नाही. मीराबाई बातमी कळताच सोनाराकडे जाऊन आली होती. तिथं केव्हाच दुसरी बाई लागली होती. शेवंताला तिच्याकडे बघवेना. परत अर्ज करू, असं समूहातली दीपमाला म्हणाली आणि तिने कागद-पेन पुढे केलं. शेवंताने "महोदय" लिहिलं आणि ती अडली. असं काय लिहावं, की त्यातलं अर्धंच उचलून ते आपल्यावर उलटवणार नाहीत?

मीराबाईने तिचा हात धरला.

"नको लिहू, दीदी. मागलं तर देऊन टाकतीन हे लोक."

टोमणा असता तर शेवंताने सोसला असता. पण मीराबाई खरोखरच घाबरली होती.