नानांची लाखाची बक्षिसी

नाना हॉटेलात शिरले की टेबलाकडे जात नसत, आधी गल्ल्याकडे जात. खिशातून नोट काढून मालकापुढे ठेवायची, मागे वळून आपली माणसं मोजायची, "हे पाच जन माझे" म्हणायचं आणि मगच टोपी काढून बसायचं. पदार्थ कोणता मागवणार हे ठरायच्या आधीच पैसे दिलेले असत. कमी पडले तर मालक दुसऱ्या दिवशी सांगे, उरले तर नाना विसरून जात. "ताटावर बसल्यावर पैशाचं नाव काढू नये," ते म्हणत, "घास कडू लागते."

फैजपूरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात मी हे लहानपणापासून पाहत आलो. नाना आमच्या गल्लीतले, केळीचे मोठे बागायतदार. दिल्लीचा व्यापारी माल बघायला आला की सकाळभर दोघांची भावावरून अशी जुंपायची की बघणाऱ्याला वाटावं, आता उठून जातील. दुपारी त्याच व्यापाऱ्याला नाना शेवभाजी खायला घेऊन जात. तो खिशात हात घाली तर मालक हसून म्हणे, ते तर मघाशीच झालं. जेवण झालं की दोघं बाहेर बाकावर बसून पुन्हा भावाला भिडत. जेवू घातलं म्हणून नानांनी कधी एक रुपया जास्त मागितला नाही आणि कमीही घेतला नाही.

एकदा त्यांच्या पुतणीला बघायला चाळीसगावची मंडळी आली होती. त्यांनी हॉटेलात पोटभर जेवून, बडीशेप चघळत नकार दिला. नानांचा धाकटा भाऊ घरी येऊन चरफडला, की असल्यांना फुकट खाऊ घातलं. नाना शांतपणे म्हणाले, "'नाही' तं त्यांनी मंग म्हटलं. जेवले तवा पाहुनेच व्हते."

नव्वदीच्या दशकात आमच्या भागातले सहा बागायतदार इटलीला शेतीच्या यंत्रांचं प्रदर्शन बघायला निघाले. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो होतो. आपल्याला बोलता येणारा माणूस पाहिजे म्हणून नानांनी माझं नाव सुचवलं. इतकंच नव्हे, तर माझ्या तिकिटाची निम्मी रक्कम स्वतः भरली. चारचौघांत ते मला "सर" म्हणत आणि अहोजाहो करत. मला इंग्रजी येत होतं, पण तोवर मी मुंबईच्या पलीकडे गेलो नव्हतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या सकाळी प्रदर्शनाच्या गावी, बोलोन्याच्या स्टेशनवर आम्ही कॉफी घ्यायला गेलो. तिथे आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि ती दाखवून उभ्यानं कॉफी प्यायची. बसून प्यायली तर दर जास्त. शिवाय कराच्या नियमानं ती पावती दुकानाबाहेर पडल्यावरही जवळ ठेवावी लागे, नाहीतर दंड. जेवलो-प्यायलो याचा पुरावा खिशात घेऊन हिंडायचं, याचं नानांना हसू आलं. पण पैसे आधी घेतात हे पाहून ते खूश झाले. एवढ्या लांब आपल्यासारखीच रीत असलेली माणसं भेटली, असं ते दिवसभर सगळ्यांना सांगत होते.

दुपारी आम्ही एका चांगल्या हॉटेलात गेलो. पांढऱ्या चादरींची टेबलं, आजूबाजूला सुटाबुटातली माणसं, मध्ये आमची धोतरं आणि टोप्या. वेटरनं न मागता पाव आणून ठेवला. नानांनी लगेच कोटाच्या आतून एक लाख लिराची, म्हणजे आपल्या दोनेक हजार रुपयांची, नोट काढून त्याच्या हातात दिली. वेटर नोटेकडे आणि माझ्याकडे बघत राहिला. नाना मला म्हणाले, "सर, याले सांगा, हे आम्हा सात जनांच्या जेवनाचे. कमी पडले तं आत्ताच माग म्हना, उरले तं राहू दे. पन जेवल्यावर कागद नको आनू म्हना."

शेजारच्या टेबलावरची बाई आमच्याकडे बघत होती. हे सगळं इंग्रजीत सांगायची मला लाज वाटली. लिराच्या शून्यांचा अंदाजही अजून आला नव्हता. वेटर तिथून लवकर जावा एवढंच मला हवं होतं. मी म्हणालो, "फॉर यू." त्यानं कंबरेत वाकून आभार मानले आणि नोट खिशात घातली. नाना समाधानानं पावाला हात घालते झाले.

जेवण संपल्यावर बशीत बिल आलं. जेवणाचे पैसे, माणशी पावाचे आणि बसण्याचे वेगळे, वर सेवेचा आकार. पैसे तर मघाशीच दिले, असं नाना म्हणाले. सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या क्षणी खरं सांगून टाकलं असतं तर वेटरला बोलावून निस्तरताही आलं असतं. मी मात्र मास्तरी आवाजात म्हणालो, "नाना, ती बक्षिसी झाली. इथं आधी दिलेलं जेवणात धरत नाहीत. इथले नियम असे असतात."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग उरलेल्या नोटा काढून बिल चुकतं केलं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात एक फवारणीचा पंप त्यांच्या मनात भरला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, किमतीची चिठ्ठी वाचली आणि परत ठेवला.

गावी आल्यावर नानांची लाखाची बक्षिसी पंचक्रोशीत गाजली. स्टाफरूममध्ये ती मीच रंगवून सांगितली, हे लिहिताना आजही मला माझीच किळस येते. नाना त्या चेष्टेवर हसत. पण स्टँडजवळच्या हॉटेलात आता ते आधी टेबलावर बसत, जेवण झाल्यावर चष्मा लावून बिलाचा कागद वाचत आणि मग पैसे देत. मालकानं मला विचारलं, नानांचं काही बिनसलंय का. मी खांदे उडवले.

चार वर्षांनी नाना जळगावच्या दवाखान्यात होते. आता बोलायचंच, असं ठरवून मी गेलो. "नाना, त्या वेटरला मी तुमचं..." एवढंच म्हणालो.

"माहीत व्हतं मले," नाना म्हणाले. "मी एवढं लांबलचक बोललो, तू दोन शब्दांत आटपलं. इंग्रजी नाही येत, पन एवढं समजते."

मग तेव्हाच का नाही बोललात, मी विचारलं.

"अजून आठ दिवस तुझ्याच तोंडानं बोलायचं व्हतं आम्हाले. तुझ्यावरचा भरवसा गेला असता तं त्या पाच जनांनी कोनाकडे पाह्यलं असतं?"

मग त्यांनी आमच्या घरच्यांची चौकशी केली. पंधरा दिवसांनी नाना गेले.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर मंडळी त्यांच्या आठवणी काढत अंगणात बसली होती. इटलीला बरोबर आलेल्या एकानं लाखाच्या बक्षिसीचा किस्सा काढला. त्यात मायाच होती, सांगताना त्याचे डोळे भरले होते. शेवटी तो म्हणाला, "भोळा मानूस. काय नं सर?"

नानांच्या कारभारणीनं आतून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली आणि सगळ्यांबरोबर हसलो.