दाजींचा अर्धा फळा

वर्तमानपत्राशी समोरासमोर भांडणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा होता. चिंचवड स्टेशनाजवळ दाजींचं सायकलीचं दुकान. पंक्चर काढता काढता ते पेपर मोठ्यानं वाचत, मध्येच संपादकाला "आसं कसं म्हणता राव?" म्हणून विचारत आणि उत्तर येईना म्हणून खट्टू होत. समोरच्या हॉटेलात रेडिओ आला, तेव्हा तर ते त्याच्यावर रुसलेच. "निस्ता बोलतोय. ऐकायचं नाव न्हाई."

म्हणून त्यांनी स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, म्हणजे दुकानाच्या भिंतीवर काळा फळा लावला. डाव्या अर्ध्यात दाजी बातम्या आणि आपलं मत लिहीत. उजवा अर्धा कोरा. तिथं सुतळीला खडू टांगलेला, ज्याला पटणार नाही त्याच्यासाठी.

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. कॉलेजात असताना पुण्याहून गाडीतून उतरलो की थेट दुकानात जाई आणि ऐकून आलेले विचारवंत दाजींना सांगत बसे. बोलणं सोडण्यापेक्षा विषाचा पेला पत्करणारा ग्रीक म्हातारा त्यांना फार आवडला. साऱ्या जगानं मिळून एकट्याचंही तोंड बंद करू नये, न जाणो त्याचंच खरं निघायचं, असं म्हणणारा इंग्रज मात्र त्यांनी डोळे मिटून ऐकला. बाहेर उन्हं पिवळी झालेली, लांबून मालगाडी जात होती, आणि हातातलं चाक आपलं आपण फिरत होतं.

"आन त्याचं खोटं आसलं तर, पाव्हणं?"

"तरी बोलू द्यावं, म्हणतो."

"मग त्या सायबाचं दुकान नसणार," दाजी म्हणाले.

पुढं गावात कारखाना काढायला आलेल्या कंपनीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनींची बोलणी सुरू झाली. जमीन द्यावी, पण घरटी एक नोकरी लिहून घेऊन, असं दाजींनी डावीकडे लिहिलं. सकाळी उजवीकडे कुणीतरी लिहून गेलेलं : 'सायकलवाला कंपनीचा दलाल आहे.' गिऱ्हाईक तुटू लागलं. अक्कानं ओल्या फडक्यानं ते वाक्य पुसून टाकलं. दाजी जेवून आले, पाहिलं, आणि तेच वाक्य त्याच जागी आपल्या वळणदार अक्षरात पुन्हा लिहून काढलं.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?"

"जागा त्याची हाय."

"आन आपल्या पोटाचं?"

दाजींनी खडू सोडला आणि हातावरची भुकटी झटकली.

"निदान खाली खुलासा तरी लिहा," मी म्हणालो.

"त्या बाजूला माझं मत मला लिवता येत न्हाई, पाव्हणं."

गिऱ्हाइकाविना दुकान नुसतं सावलीत बसून राहू लागलं. एका संध्याकाळी अक्का चहा घेऊन आली. दाजींच्या हातात कप दिला आणि खडू उचलला. पोरांच्या पाट्यांवर ती घरातल्या घरात अक्षरं गिरवत होती, हे मला तेव्हा कळलं. त्या वाक्याखाली तिनं वेडंवाकडं लिहिलं : 'हे खोटं हाय.' आणि खाली स्वतःचं पुरं नाव. वरच्या वाक्याखाली कुणाचंच नव्हतं.

गिऱ्हाईक लगेच परतलं, असं काही झालं नाही. अक्का पदर सावरून घरी गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचं नाव दाजींनी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र ते ओठांतल्या ओठांत तेवढंच वाचत राहिले, चहा निवेपर्यंत.