बाळ गुलाबी

बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून मी सतरा वर्षं काढली आणि त्या काळात एक ओळ इतक्यांदा लिहिली, की ती माझ्या हाताला पाठ झाली होती: 'बाळ जन्मताच रडले. बाळ गुलाबी.' कधीकधी तर नाळ कापून होईपर्यंत माझं लिहून झालेलं असायचं. काम असं झटपट उरकावं, असं मी नव्या मुलींना ऐटीत सांगायची.

पेठकडच्या एका पाड्यावरून आलेल्या मुलीच्या बाळाच्या कागदावरही मी हीच ओळ लिहिली होती. पहिलटकरीण, एकोणीस-वीस वर्षांची, बोलायला अगदी कमी. नवरा कागदपत्रांसाठी खाली गेला होता. शेजारच्या खाटेवर शहरातल्या सुखवस्तू कॉलेज रोडची एक बाळंतीण होती, तिला मी 'तुम्ही' म्हणत होते आणि हिला 'तू'. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दुपारी मी सलाईन बदलत असताना ती म्हणाली, "बाई, पोराचा रंग बरा नाय."

मी लांबूनच नजर टाकली. बाळ शांत झोपलं होतं. सावळं, खरं तर काळंच.

"अगं, काळं आहे ते. तुझ्यावर गेलंय. त्याला औषध नसतं."

आजूबाजूच्या खाटा हसल्या, मीही हसले. माझ्या तोंडाळपणाचं वॉर्डात कौतुक होतं आणि मला ते आवडायचं.

ती हसली नाही, रागावलीही नाही. थोड्या वेळाने बघते तर टाके ओढत असताना, एका हाताने भिंतीला धरत, बाळाला छातीशी घेऊन ती माझ्या टेबलापाशी आलेली. "जागेवर जा, चक्कर येऊन पडशील," मी खेकसले. तिने ऐकलं नाही. खिडकीशी जाऊन तिने बाळाचं पाऊल दुपट्यातून बाहेर काढलं आणि आपला तळहात त्याच्या तळपायाशेजारी धरला. मग बोटाने त्याची हनुवटी हलकेच खाली ओढून मला जीभ दाखवली.

"बघा. हा आमचा काळा नाय."

तिचा तळहात तांबूस होता. बाळाचा तळपाय राखेच्या रंगाचा, आणि जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी.

मी हातातलं पेन तसंच टाकलं. बाळ उचलून धावतच नवजात बालकांच्या विभागात गेले. ऑक्सिजन मोजायचं यंत्र त्याच्या पायाला लावलं, तेव्हा आकडा बघून डॉक्टरांचे हात भराभर चालायला लागले. फुप्फुसात जंतुसंसर्ग होता. "अजून तासभर गेला असता तर..." असं ते नंतर म्हणाले. तो तास मी हसण्यावारी घालवायला निघाले होते, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

बाळ पाच दिवस काचेच्या पेटीत होतं. ड्यूटी संपली की मी तिथे जाऊन बसायची. पहिल्या दिवशी जगेल की नाही हे कुणी सांगत नव्हतं आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. ती मात्र दर दोन तासांनी दूध काढून आणायची, काचेतून बाळाकडे बघायची आणि हळूच सांगायची, "सकाळपरीस बरा हाय," नाहीतर "आता रंग थोडा उतरला." मी तिच्या पाठीमागून यंत्राकडे बघायची. दोघं एकच सांगत असायची, आणि कितीतरी वेळा ती आधी सांगायची. मी अक्षरशः थक्क व्हायची. देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसा माझा तिच्यासमोर येऊ लागला.

मी पिंपळगावच्या द्राक्षबागेत वाढलेली. कुठल्या घडात पाणी उतरलं, म्हणजे तो पिकायला लागला, हे माझे वडील बांधावरून सांगायचे आणि मीही सांगायची. हिरव्यातले इतके हिरवे मला दिसत होते. माणसाच्या काळ्यात मात्र एकच काळा दिसला.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी चौथ्या दिवशी विचारलं.

तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "शिकवायचं काय त्यात? आमच्यात समदीच काळी. काळ्यात लय रंग हायती, बाई. तापाचा येगळा, गारठ्याचा येगळा, उपाशी पोराचा येगळा."

आमच्या पुस्तकातलं बाळ गोरं होतं. ओठ निळे पडले की धावा, एवढं शिकवलं होतं. काळ्या बाळाचे ओठ कुणी दाखवले नाहीत, आणि सतरा वर्षांत मीही कधी विचारलं नाही. बाळंतिणींना उपदेश करताना मात्र नाकाने कांदे सोलत होते.

घरी जायच्या दिवशी ती बाळाला घेऊन माझ्या टेबलाशी आली. कागद माझ्यापुढेच होता, पहिल्या पानावर माझ्याच अक्षरातली ती ओळ. मला राहवेना. "इथे मी लिहिलंय की बाळ जन्मलं तेव्हा गुलाबी होतं," मी म्हणाले. "मी बघितलंच नव्हतं. न बघताच लिहिलं. आणि तुम्ही सांगायला आलात, तर तुम्हालाच हसले."

तिने बाळाचं दुपटं नीट केलं. ती मला शिव्या देईल तर बरं होईल, असं मला वाटत होतं.

"आता बघता का?" तिने विचारलं.

"बघते."

तिने बाळ माझ्या हातात दिलं. "मग सांगा."

मी खिडकीशी गेले. आधी तळपाय पाहिले, मग हनुवटी हलकेच ओढून जीभ. दुपट्याचं टोक बाजूला करून छाती, पुन्हा पाय. ती माझ्या शेजारी उभी होती, माझी परीक्षा घेत. वॉर्डातून कुणीतरी हाका मारत होतं, मी हलले नाही. पुरती खात्री झाल्यावरच तिच्याकडे वळले.

"गुलाबी," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि बाळ परत घेतलं.