हिरवं बटण

आमच्या शेजारचे गृहस्थ कुठलंही बोलणं 'घाबरू नका' असं म्हणून सुरू करतात. उद्या वडगावात पाणी येणार नसलं तरी तेच. मी बाजारातून येऊन त्यांच्यासमोर उभा असलो, तरी ते विचारतात, "पोचलात ना?"

त्यांच्या कंपनीची चाळीस माणसं आखातात कामाला आहेत. त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी ह्यांच्याकडे. तिकडे क्षेपणास्त्रं येऊ लागली, की प्रत्येकानं मोबाइलवरचं हिरवं बटण दाबून 'मी सुरक्षित आहे' असं कळवायचं. पाच मिनिटांत कळवलं नाही, तर हे थेट त्याच्या गावी फोन लावतात. "मावशी, घाबरू नका," एवढं ऐकलं की मावशीच्या हातातलं काम गळून पडतं.

परवा मात्र चाळीसच्या चाळीस बटणं मिनिटभरात हिरवी झाली. हे इतके खूश झाले, की शाबासकी द्यायला बेडसे गावच्या एका फिटरला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर.

"साहेब, भोंगा वाजला की आमी आदी बटण दाबतो, मग तळघराकडं पळतो," तो म्हणाला. "न्हाईतर तुमी आईला फोन लावताय. मागच्या टायमाला लय रडली ती."

"आधी पळायचं रे," एवढंच हे कसंबसं म्हणाले.

मग आतून यादी आणून त्यांनी घरच्यांचे सगळे नंबर खोडले आणि प्रत्येक नावापुढे स्वतःचा नंबर लिहिला.

"म्हणजे आता तुम्ही स्वतःलाच फोन करणार?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "तसाही घाबरलेला मीच असतो."